खडू कुणाच्या हातात? विद्यापीठात अभ्यासगट कसा उभा करायचा आणि कसा टिकवायचा

आमचा पहिला अभ्यासगट अकरा दिवस टिकला. एमएस्सी गणिताचं पहिलं सत्र होतं. रिअल ॲनालिसिसच्या दुसऱ्याच आठवड्यात वर्गातल्या चौदा जणांनी कॅन्टीनमध्ये बसून ठरवलं, की आपण एकत्र अभ्यास करायचा. पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्याला डीपी लागला, रात्रीपर्यंत त्यात साठ-सत्तर पीडीएफ येऊन पडल्या. पहिल्या बैठकीला चौदाच्या चौदा हजर. आमच्यातला एक हुशार मुलगा फळ्यापाशी गेला आणि दोन तास एकामागून एक गणितं सोडवत राहिला. आम्ही उतरवून घेतली. मधूनमधून तो विचारायचा, "कळलं का?" आम्ही म्हणायचो, "हो हो, कळलं." दुसऱ्या बैठकीला नऊ, तिसरीला चार, चौथी झालीच नाही. अंतर्गत परीक्षेत त्या मुलाला तीसपैकी सत्तावीस पडले. साहजिक होतं. दोन तास समजावून त्यानेच सांगितलं होतं, आम्ही नुसतं लिहून घेतलं होतं.

पुढच्या सत्रात पाच जणांचा गट केला. तो एमएस्सी संपेपर्यंत चालला आणि आमच्यानंतर दोन तुकड्यांनी चालवला. आता मी एका महाविद्यालयात शिकवते आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये कुणी ना कुणी विचारतं, "मॅडम, ग्रुप स्टडी कसा करायचा?" त्यांना जे तुकड्या-तुकड्यात सांगते, ते इथे सलग लिहिते आहे. खडू ज्याला येतं त्याच्या हातात राहिला, तर तो आणखी एक वर्ग होतो, तोही बिनपगारी. ज्याला येत नाही त्याच्या हातात खडू गेला, की तो अभ्यासगट. बाकीची सगळी व्यवस्था एवढ्यासाठीच.

अभ्यासिका नव्हे, अभ्यासगट

पुण्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, टेबल, दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट मिळतो, कुजबुजलात तर शेजारचा एमपीएससीवाला डोळे वटारतो. ती व्यवस्था वाईट नाही. पण शंभर माणसं एका छताखाली एकेकटी बसली म्हणून तो गट होत नाही.

आणि गट म्हणजे एकट्याने बसण्याला पर्यायही नाही. याचं मला पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातलं आहे. सत्तरच्या दशकात युरी ट्राइसमन तिथे संशोधन करत होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे पडत होती आणि चिनी वंशाची मुलं चांगले गुण मिळवत होती. प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: जिद्द कमी, शाळेतला पाया कच्चा, घरी पाठबळ नाही. ट्राइसमन मात्र दोन्हीकडची वीस-वीस मुलं प्रत्यक्ष अभ्यास कशी करतात ते बघत राहिले. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठेक तास इमानेइतबारे करत होती, पण बहुतेक एकटीच. चिनी मुलं चौदाएक तास करत होती. त्यातले आठ-दहा तास एकट्याने, आणि संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं ताडून बघायची. कुठलं गणित सगळ्यांनाच सुटलेलं नाही, हे त्यांना रोज कळत होतं. एकट्याला मात्र वाटत राहतं, की आपणच ढ आहोत.

म्हणजे हिशेब असा, की एकट्याचे तास कमी करून गट करायचा नाही. एकट्याने केलेलं घेऊन गटात यायचं.

माणसं

चार ते सहा. चौदा नाही, दहाही नाही. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये छापून आले. दोराला माणसं वाढवत नेली, की दर माणशी जोर कमी होत जातो. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात सतरंज्या उचलताना कुणालाही हे दिसेल. सहाच्या पुढे गेलात, की दोन जण आपोआप मागच्या बाकावर सरकतात आणि फोन बघतात. तीनही कमीच, कारण एकाला ताप आला की उरलेले दोघे चहाला जातात.

वर्गाच्या ग्रुपवर "कोण कोण इंटरेस्टेड?" असा मेसेज टाकू नका. त्यावर वीस अंगठे येतात आणि येतात तीन माणसं. एकेकाला गाठून विचारा, आणि विचारताना ठोस विचारा: "बुधवारी साडेचारला सेहेचाळीस नंबरच्या वर्गात, दुसऱ्या प्रकरणातली तीन गणितं घेऊन बसतोय. येतेस का?" या वाक्यात वार, वेळ, जागा आणि काम आहे, त्यामुळे उत्तर हो किंवा नाही असंच येतं.

फक्त जिवलग मैत्रिणींचा गट करू नका, असं मी सांगते तेव्हा मुली हिरमुसतात. पण मैत्रीत "अगं, तुला हे कळलेलं नाही" हे म्हणता येत नाही आणि "आज नको, मूड नाही" हे फार सहज म्हणता येतं. आमच्या पाच जणांत दोघी वसतिगृहातल्या, एक जण दौंडहून रेल्वेने ये-जा करणारा, एक 'कमवा आणि शिका' योजनेत सकाळी काम करणारा, आणि एक जण आधी दोन वर्षं शाळेत शिकवून आलेला. सगळ्यांचं सगळ्यांशी पटायचं असं मुळीच नाही.

आणि गटाला 'कच्च्या मुलांसाठी' असा वास येऊ देऊ नका. महाविद्यालयांत जादा तासांना मुलं का फिरकत नाहीत? कारण तिथे जाताना कुणी बघितलं तर काय, हीच भीती. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये डीअ‍ॅना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली, ती पुढे अनेक देशांत गेली. त्यात त्यांनी कच्चे विद्यार्थी शोधलेच नाहीत, अवघड विषय शोधले. ज्या विषयात दर वर्षी बरेच जण आपटतात, त्याला आधी तो विषय उत्तम केलेला वरच्या वर्गातला एक विद्यार्थी द्यायचा आणि ज्याला यायचं त्याने यावं. ट्राइसमन यांनीही पुढे ज्या कार्यशाळा चालवल्या, त्यांत सोपी उजळणी नव्हती, मुद्दाम कठीण गणितं होती. म्हणून गटाचं नाव 'ॲनालिसिस, बुधवार' एवढंच ठेवा. एका सत्रात एकच विषय घ्या, वर्गातल्या सगळ्यांच्या उरावर बसलेला.

जागा आणि वेळ

फळा हवा. यावर तडजोड नको. वहीत मान घालून पाच जण बसले, की पाच जण पाच ठिकाणी असतात. फळ्यावर लिहिलं की चूक सगळ्यांची होते.

बहुतेक विभागांत चारनंतर एखादा वर्ग रिकामा असतो. विभागप्रमुखांना साधा अर्ज करा: आम्ही अमुक वर्गाचे पाच विद्यार्थी, अमुक वारी साडेचार ते सहा, अमुक खोली, सत्र संपेपर्यंत; दिवे-पंखे बंद करून, फळा पुसून, किल्ली परत देण्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची. या शेवटच्या ओळीमुळे अर्ज मंजूर होतो. आणि खरी किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शिपाईमामांना आधी भेटा. आमच्या मामांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "सहाला मी कुलूप लावणार, सहा-पाचला नाही." आम्ही दीड वर्षं पावणेसहालाच आवरायला घेतलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही, उलट आपल्या कपाटातून खडूचा बॉक्स काढून दिला.

वर्ग मिळाला नाही तर वसतिगृहाची मेस दोन जेवणांच्या मध्ये मोकळी असते. दोन बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड विकत घ्यायचा आणि खुर्चीवर टेकवायचा. तेही नसेल तर जुन्या कॅलेंडरांची मागची बाजू भिंतीला चिकटवून जाड स्केचपेनने लिहा. फक्त ग्रंथालयाचं वाचनकक्ष नको. तिथे बोलायचं नसतं, आणि आपल्याला दीड तास बोलायचंच आहे.

वेळ ठरवताना एक नियम उपयोगी पडतो: ज्याच्यावर सर्वांत जास्त बंधन, त्याच्यावरून वेळ ठरवायची. मुलींच्या वसतिगृहाचं गेट, दौंडची गाडी, एसटीचा पास, कामाची पाळी, हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर मांडा. ज्याला काहीच अडचण नाही, तो कुठल्याही वेळेला येऊ शकतो. पण बहुतेक गटांत वेळ नेमका तोच ठरवतो आणि मग "ती येतच नाही" अशी तक्रार करतो.

आठवड्यातून दोनदा, दीड तास. चार क्रेडिटच्या विषयाला सत्रात साठ तासांचं अध्यापन धरलेलं असतं. सुट्ट्या, परीक्षा, गणपती वगळून तुमचे बारा आठवडे जरी नीट झाले, तरी छत्तीस तास होतात. रविवारी सकाळी सहा तास बसण्याचा बेत करू नका. तो मिसळ खाण्यात जातो.

नव्वद मिनिटं

पहिली पंधरा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. आधी ठरलेल्या तीन गणितांपैकी ज्यावर अडलात, ते प्रत्येकाने पुन्हा एकट्याने बघायचं आणि कागदावर एक वाक्य लिहायचं: "मी इथपर्यंत आले, इथे अडले." हार्वर्डला एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच केलं: आधी प्रश्न, मग प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं, आणि त्यानंतरच शेजाऱ्याशी वाद. हा क्रम उलटला, की पहिला बोलणारा सगळ्यांच्या डोक्यात स्वतःचं उत्तर भरून टाकतो.

पुढचा तासभर फळा. ज्याचं वाक्य सर्वांत आधी अडलेलं, तो फळ्यापाशी जातो. बसलेल्यांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. हा नियम आमच्या गटात आणला तो उन्हाळ्यात एमटीटीएसच्या शिबिराला जाऊन आलेल्या मैत्रिणीने. गणिताची ही शिबिरं १९९३ पासून भरतात आणि तिथे शिकवणं प्रश्न विचारत पुढे सरकतं. सुरुवातीला हा नियम छळासारखा वाटतो. समोर मुलगा अडलेला आहे, आपल्याला उत्तर येतंय, आणि तोंड बंद ठेवायचं!

एक बैठक जशी झाली तशी सांगते. प्रश्न युनिफॉर्म कंटिन्युइटीचा: एक्स स्क्वेअर हे फलन संपूर्ण वास्तव रेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का? दौंडचा मित्र फळ्यावर. व्याख्या त्याने बिनचूक लिहिली, एप्सिलॉन (फलनाच्या किमतींत चालेल एवढा फरक), डेल्टा (त्यासाठी दोन बिंदूंत ठेवायचं अंतर), सगळं. आणि थांबला.

"व्याख्येत साध्या कंटिन्युइटीपेक्षा काय वेगळं आहे?" कुणीतरी विचारलं.

"काय की. सारखंच दिसतंय."

"डेल्टा कधी ठरतो? बिंदू सांगायच्या आधी की नंतर?"

तो बराच वेळ बघत राहिला. पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "साध्यात आधी बिंदू सांगायचा, मग डेल्टा. इथे डेल्टा आधीच सांगून बसायचं. म्हणजे शिंप्याने माप न घेता सगळ्या गावाला एकच सदरा शिवायचा."

"बसेल का सगळ्यांना?"

त्याने आकडे मांडले. दहा आणि दहा पूर्णांक एक दशांश: वर्ग १०० आणि १०२.०१. अंतर ०.१, वर्गांत फरक दोनच्या वर. मग शंभर आणि १००.०१: वर्ग १०००० आणि १०००२.०००१. अंतर दहापट कमी झालं, फरक पुन्हा दोनच्या वरच. हजार आणि १०००.००१ मांडायच्या आत तो स्वतःशीच हसला. "म्हणजे डेल्टा कितीही बारीक द्या, मी लांब जाऊन एन आणि एन अधिक एक छेद एन घेतो, फरक दोनच्या खाली येतच नाही. सदरा बसत नाही." आणि मग आपणहून: "पण शून्य ते एकमध्येच राहिलो तर बसेल. तिथे दोघांची बेरीज दोनच्या वर जात नाही, डेल्टा म्हणजे एप्सिलॉनचा निम्मा."

याला चाळीस मिनिटं लागली. हुशार मुलाने पहिल्या गटात हेच गणित चार मिनिटांत सोडवलं होतं. फरक एवढाच, की त्या चार मिनिटांतलं मला आज काहीही आठवत नाही.

फळ्यापाशी तीन वाक्यांवर बंदी ठेवा: "हे तर उघडच आहे", "सोपं आहे गं", आणि "कळलं का?" पहिली दोन ऐकली की माणूस पुढची शंका गिळतो. तिसऱ्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. त्याऐवजी विचारा, "पुढची ओळ काय येईल?"

शेवटची पंधरा मिनिटं फळा पुसून टाकायचा, वह्या बंद करायच्या आणि आजचं एक गणित किंवा एक सिद्धता कोऱ्या कागदावर एकट्याने लिहायची. सगळे कुरकुरतात ते इथेच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले: काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले होते. बैठक संपताना "मस्त झालं आज" असं जे वाटतं, ते पाच मिनिटांनंतरचं वाटणं असतं, हे लक्षात ठेवा. परीक्षा डिसेंबरात आहे.

बोलायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत

महाराष्ट्रात गट करताना या गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलावंच लागतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं बारावीपर्यंत किंवा दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पुस्तकं इंग्रजी, व्याख्यान इंग्रजी, पेपर इंग्रजी. वर्गात शंका न विचारण्याचं खरं कारण अनेकदा गणित नसतं, वाक्य जुळवता न येणं असतं. आणि असा मुलगा 'कच्चा' ठरतो.

गटात हे सोडवता येतं. फळ्यापाशी आधी मराठीत सांगायचं, हवं तर गावच्या बोलीत, शिंपी-सदरा काहीही घेऊन. संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवायच्या. 'एकविध सांतत्य' म्हणून पेपरात काही उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर गटातही कुणी म्हणत नाही. मराठीत कळलं, की तीच गोष्ट इंग्रजीत दोन वाक्यांत फळ्यावर लिहायची आणि ती वाक्यं सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. "देअर एक्झिस्ट्स" आणि "फॉर एव्हरी" यांची अदलाबदल झाली की अर्थ कसा उलटतो, हे आम्हाला इंग्रजीच्या तासाला कळलं नव्हतं, ते इथे कळलं. आमच्यातली एकुलती एक कॉन्व्हेंटवाली सुरुवातीला "इंग्लिशमध्येच बोलू या ना, सवय होईल" म्हणायची. तीन आठवड्यांनी तीच मराठीत भांडत होती, कारण इंग्रजीत तिला फक्त पाठ होतं.

वही आणि व्हॉट्सॲप

दोनशे पानी एक वही घ्या. प्रत्येक बैठकीचं एक पान: तारीख, कोण आलं, कुठली गणितं झाली, कुठे अडलो, पुढच्या वेळी काय. पान लिहिण्याची पाळी फिरती. ज्याची पाळी, तोच त्या दिवशी घड्याळ सांभाळणार आणि पुढच्या बैठकीची तीन गणितं निवडणार: एक सगळ्यांना येईल असं, एक निम्म्यांना येईल असं, आणि एक बहुधा कुणालाच न येणारं.

उत्तरं वहीत उतरवायची नाहीत. अडलो कुठे ते लिहायचं. सत्राच्या शेवटी आमच्या वहीत "कॉम्पॅक्ट म्हणजे बंद आणि बाउंडेड असं गृहीत धरलं, प्रत्येक मेट्रिक स्पेसमध्ये ते चालत नाही" हे तीन वेगवेगळ्या तारखांना तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला याहून चांगलं पान नाही.

व्हॉट्सॲपवर तीनच प्रकारचे मेसेज: वेळ बदलली, येत नाही, आणि वहीच्या पानाचा फोटो. पीडीएफ, गुड मॉर्निंग आणि "कुणाकडे नोट्स आहेत का" यांच्यासाठी वर्गाचा ग्रुप आहेच. पुस्तकं ठेवायला ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि त्यात एकच पाठ्यपुस्तक ठेवा. पाच पुस्तकं ठेवलीत तर पाच जण पाच व्याख्या घेऊन येतील आणि पहिला अर्धा तास त्यातच जाईल.

बिघाड

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीतरी बिघडतंच. मी पाहिलेले नेहमीचे प्रकार सांगते.

सगळं येणारा. याला गटातून काढू नका, त्याचं काम बदला. त्याने फळ्यापाशी जायचं नाही. त्याने चुकीची सिद्धता रचून आणायची, वरकरणी बरोबर दिसणारी, आणि इतरांनी चूक शोधायची. हे काम सोडवण्याहून अवघड आहे, त्यामुळे त्यालाही चव येते. पहिल्या गटातल्या त्या हुशार मुलाला दुसऱ्या सत्रात आम्ही अधूनमधून बोलवायचो ते याच कामाला. त्याने एकदा 'सगळे घोडे एकाच रंगाचे असतात' हे इंडक्शनने, म्हणजे एका घोड्यापासून सुरू करून दर वेळी एक घोडा वाढवत, सिद्ध करून दाखवलं आणि आम्ही वीस मिनिटं चूक शोधत होतो. एकावरून दोनवर जाताना ते मोडतं.

न बोलणारी. तिला सगळ्यांसमोर "तू सांग बरं" म्हणू नका. फळ्यावर जाणाऱ्याबरोबर तिला लिहायला पाठवा. एक बोलेल, दुसरी खडू चालवेल. हात हलला की दोन-तीन आठवड्यांत तोंडही उघडतं.

तयारी न करता येणारा. पहिल्यांदा काही म्हणू नका, माणसाला घरी अडचणी असतात. दुसऱ्यांदा झालं, तर पंधरा मिनिटांच्या मूक वेळात तो काय लिहितो ते आपसूक दिसतंच. तिसऱ्यांदा झालं, तर एकाने बाजूला घेऊन विचारायचं, "तुला वेळ जमत नाहीये, की विषय नको झालाय?" आमच्यातला 'कमवा आणि शिका'तला मित्र असाच मागे पडला होता. त्याचं काम पहाटे हलवलं गेलं होतं आणि बुधवारी साडेचारला त्याला झोप येत असे. आम्ही बुधवारचा गुरुवार केला. विचारलं नसतं तर तो 'आळशी' म्हणून गेला असता.

असाइनमेंट. इथे रेष आधीच आखा. गुण असलेली असाइनमेंट गटात सोडवायची नाही. त्यासारखं दुसरं गणित घ्यायचं. चर्चा करायला शिक्षकांनी मुभा दिली असेल, तरी लिहिताना प्रत्येकाने आपापल्या खोलीत, फळ्याचा फोटो न बघता लिहायचं. पाच वह्यांत एकच चूक एकाच ओळीला सापडली, की शिक्षकाच्या लेखी अभ्यासगट आणि कॉपी यांत फरक राहत नाही. आता टेबलाच्या या बाजूला बसून सांगते, ते लगेच दिसतं.

आणि दुसऱ्या वर्षी नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, बहुपर्यायी. गटातले दोघे तिच्या मागे लागतात आणि बुधवारच्या बैठकीत पर्याय खोडण्याच्या युक्त्या शिरतात. त्यासाठी वेगळा वार ठेवा. सिद्धता लिहिणं आणि पर्याय निवडणं यांना वेगवेगळा व्यायाम लागतो.

गणित नसेल तर

फळ्याच्या जागी दुसरं काही येतं, एवढंच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एक उदाहरण देते. संसदेला राज्यघटना कितपत बदलता येते, याचा केशवानंद भारती खटला, २४ एप्रिल १९७३: तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रं, सात विरुद्ध सहा असं बहुमत. सगळं एकट्याने वाचायला घेतलं तर सत्र संपेल. सारांश वाचला तर 'मूलभूत संरचना' हे दोन शब्द पाठ होतील. पाच जणांनी दोन-दोन निकालपत्रं वाटून घ्या, एक सगळ्यांनी वाचा. ते न्यायमूर्ती खन्नांचं असू दे, कारण पारडं त्यांच्या मताने फिरलं असं मानलं जातं. मग बैठकीत प्रत्येकाने आपल्या न्यायमूर्तीच्या बाजूने बोलायचं, स्वतःच्या नाही. इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांमध्ये वापरलेली जिगसॉची युक्ती हीच: प्रत्येकाकडे असा तुकडा, जो दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यामुळे सर्वांत गप्प मुलाचंही ऐकावंच लागतं.

साहित्य-इतिहासवाल्यांनी एकच परिच्छेद मोठ्याने वाचून त्यावर दीड तास काढावा. अख्खं पुस्तक 'चर्चेला' घेऊ नये. प्रयोगशाळेतल्या विषयांना गटाचा वेळ प्रयोगाच्या आदल्या दिवशी ठेवावा, जर्नल लिहिण्याच्या दिवशी नाही.

शिक्षक आणि चहा

शिक्षकांना रोज बोलवू नका. ते आले की खडू त्यांच्याकडे जातो, त्यांचाही इलाज नसतो. महिन्यातून एकदा, वहीतले न सुटलेले प्रश्न घेऊन पाचही जणांनी जा. आमच्या सरांनी पहिल्यांदा वही उघडली, चार पानं वाचली आणि पुढच्या तासाला वर्गात तीच चूक घेऊन शिकवायला सुरुवात केली. म्हणजे व्याख्यान बदललं, आणि आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

वर्गणी बैठकीला दहा रुपये, डब्यात. त्यातून चहा, खडू, झेरॉक्स. उशिरा येणाऱ्याला दंड लावून बघितला. माणसं दंड वाचवायला यायचीच बंद झाली. मग चहा पावणेसहाच्या ऐवजी बरोबर साडेचारला आणायला लागलो. वेळेवर येणाऱ्याला गरम मिळतो.

पुढच्या तुकडीला

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत पहिल्या वर्षातल्या दोघांना बैठकीला बसवा, मागे नाही, फळ्यापाशी. मार्चमध्ये एक अख्खी बैठक त्यांना चालवू द्या आणि तुम्ही प्रश्न विचारा. जाताना त्यांना व्हॉट्सॲप ग्रुप देऊ नका, त्यांचा त्यांना करू दे. वही द्या. विभागप्रमुखांकडच्या जुन्या अर्जाची झेरॉक्स द्या, त्यावर तारीख बदलली की काम होतं. आणि त्यांना घेऊन शिपाईमामांकडे जा. आम्ही गेलो तेव्हा मामांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाट उघडलं, खडूचा बॉक्स पुढे केला आणि म्हणाले, "सहाला कुलूप."